जेवल्यावर, तीनदा

दिवाळीच्या सुटीत लोक महाबळेश्वरला जातात, नरसोबाच्या वाडीला जातात. मी आष्ट्याला गेले. परत आल्यावर शाळेतल्या बायकांनी विचारलं, "काय काय पाहिलंत?" मी म्हटलं, "ऊस." त्यांना वाटलं, मी टाळतेय. टाळत नव्हते, पण मधल्या सुटीत सांगून होण्यासारखं ते नव्हतं. म्हणून हे लिहायला बसले आहे.

मी वाईला मुलींच्या शाळेत मास्तरीण आहे. आष्ट्याला माझा धाकटा भाऊ बापू दवाखाना चालवतो. पुण्यात पाटी लावून बसला असता तर आईच्या जिवाला बरं वाटलं असतं, पण तो लहानपणापासून सांगितल्याच्या उलट दिशेनं चालणारा. दिवाळीच्या आधी त्याचं पत्र आलं. "ताई, कंपाउंडर गावी गेला आहे आणि इथं थंडीतापानं घरंच्या घरं आडवी झाली आहेत. सुटी आहे तर ये. तुझं अक्षर चांगलं आहे." अक्षराचा आणि तापाचा संबंध मला लागला नाही. तरी चकल्यांचा डबा, दोन लुगडी आणि एक कोरी वही घेऊन मी निघाले.

उंब्रज

लढाईमुळे पेट्रोल मिळत नव्हतं. मोटारीच्या पाठीला कोळशाची भट्टी बांधलेली असायची आणि तिच्या मर्जीवर माणसांचा प्रवास चालायचा. साताऱ्याहून निघालेली आमची मोटार उंब्रजपर्यंत कशीबशी आली आणि उसासा टाकून थांबली. ड्रायव्हर खाली उतरला, काळ्या हातानं कपाळ पुसलं आणि म्हणाला, "भट्टी इझली बाई. दोन घंटं तरी लागत्यालच."

रस्त्याला लागून एक घर होतं. ओट्यावर खाकी कोट घातलेले एक म्हातारे हवालदार शेंगा फोडत बसले होते. आतून त्यांची बायको आली. "आवं बाई, उनात का हुब्या? वाईच टेका की!"

"वाईचीच आहे मी," मी म्हटलं.

आधी तिला कळेना. मग कळलं तेव्हा ती पदर तोंडाला लावून इतकी हसली की हवालदारांना शेंगा बाजूला ठेवाव्या लागल्या. त्या भागात 'वाईच' म्हणजे 'थोडंसं', हे मला माहीत होतं. आपल्या गावाचं नाव दोन जिल्ह्यांतली माणसं दिवसातून पन्नास वेळा घेतात याचा मला उगीचच अभिमान वाटला. त्या एका विनोदावर भाजलेल्या शेंगा, गूळ आणि तांब्याभर ताक मिळालं. आमच्याकडे अनोळखी बाई दारात आली तर आधी आडनाव विचारतात, ताक नंतर.

हवालदारांचे दोन्ही मुलगे पलटणीत होते. भिंतीवरचा फोटो त्यांनी काढून माझ्या हातात दिला. छाती पुढे काढलेला, पट्टा ताणून बसवलेला तरणाबांड मुलगा.

"ह्यो भरतीला गेला तवा आमच्या रानातल्या गड्याचं पोरगंबी संगं गेलं हुतं," ते म्हणाले. "एका वर्साची दोगं, एका आळीतली. ह्येची छाती मापात बसली. त्येची दोन बोटं कमी भरली. परत लावून दिलं."

"मग?"

"मग काय, आमच्याच रानात हाय. ह्यो दुधावर वाढला, त्यो ताकाच्या पान्यावर. छाती कुठनं यील?" फोटो परत घेत ते म्हणाले, "अन् गंमत बगा, आमचं पोरगं तिथं जाऊन आनिक भरलं. तिथं काय जादूमंतर न्हाई. दिसातनं तीन बार खाना. बिगुल वाजला की ताट म्होरं. मानूस आजारी पडाय सवडच कुठाय?"

मला ते वाक्य फार आवडलं. मी ते वहीत गंमत म्हणून उतरवून घेतलं, तेवढ्यात भट्टी पेटली.

आष्टा

आष्टा दिसायच्या आधी ऊस दिसतो. दोन्ही बाजूंनी इतका दाट की मोटार त्याच्यात हरवते की काय असं वाटतं. आमच्या वाईला कृष्णा घाटापाशी लहान आणि शहाणी असते. इथं तिच्या पाण्यानं माजवलेलं रान बघून आपली शेजारीण सासरी जाऊन भारी श्रीमंत झाल्यासारखं वाटलं. त्या पाटपाण्यावरच डासही पोसतात, असं बापू म्हणाला. तो स्वतः वाळून काटकी झाला होता.

दुसऱ्या दिवशी अक्षराचं कोडं सुटलं. औषधाच्या बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवायची, कात्रीनं खाचा पाडायच्या, एक खाच म्हणजे एक डोस. वर नाव लिहायचं आणि बाटली हातात देताना सांगायचं: कोयनेल आहे, हिवतापाचं औषध, कडू आहे, रिकाम्या पोटी मळमळतं, म्हणून जेवल्यावर घ्यायचं, दिवसातून तीनदा. सांगायचं काम मला फार साधलं. बावीस वर्षं मी दुसरं केलंय काय? प्रत्येकाकडून मी ते पाठ म्हणवून घेत असे.

दवाखान्याच्या ओट्यावर एक लांब बाक होता. काही माणसं येऊन सरळ त्यावर बसत. काही ओट्याखाली, कडुनिंबाच्या बुंध्याशी उभी राहत. बापूनं कुणाला बसू नका म्हटलेलं नव्हतं, आणि बसा म्हटलं तरी ती बसत नसत. चारपाच दिवसांत माझ्या ध्यानात आलं की बाकावरची माणसं ताप आला त्या दिवशी येतात आणि कडुनिंबाखालची आठव्या दिवशी. मला वाटलं, अडाणीपणा. अंगारेधुपारे करून मग इकडे येत असतील.

एकाच सकाळी दोघी आल्या. एक होत्या आक्का, गावातल्या मोठ्या बागायतदाराच्या घरच्या. आदल्या रात्री हुडहुडी भरली आणि सकाळी बैलगाडीत गादी घालून त्यांना आणलं. दुसरी हौसा. कमरेला खुरपं खोचलेलं, डोळे खोल गेलेले, आठ दिवसांचा ताप अंगावर काढून शेंगांच्या रानातून चालत आलेली. दोघींना एकच ताप होता. बापूनं एकाच बरणीतलं औषध दोन बाटल्यांत ओतलं आणि मी दोन सारख्या पट्ट्या चिकटवल्या. सहा खाचा, दोन दिवस.

आक्का म्हणाल्या, "ठावं हाय, ठावं हाय," आणि गाडीत जाऊन झोपल्या. हौसानं मात्र माझ्याकडे नीट बघून पाठ म्हटला. "जेवल्यावर. तीनदा."

"शाबास," मी म्हटलं. तिच्या तोंडावर जरासं हसू आलं. तिला शाबास म्हणणारी त्या वर्षात मीच पहिली असेन.

तिसऱ्या दिवशी आक्का आपल्या पायांनी चालत आल्या. पदरात पेरू होते, चेहरा उतरलेला होता पण ताप नव्हता. मागोमाग हौसा आली. तिची बाटली बापूनं उजेडात धरली. चार खाचा अजून भरलेल्याच.

तो भडकला. दिवसभर माणसं तपासून त्याचं डोकं तापलेलं असायचं, आणि कोयनेल त्या दिवसांत सोन्यासारखं जपून वापरावं लागे. "कडू लागतं म्हणून ठेवून दिलंस ना? आणि मग देवऋष्याकडे जायला मोकळी! आधी हे संपव. त्याशिवाय थेंब मिळायचा नाही."

हौसानं फक्त माझ्याकडे बघितलं, वर्गातली मुलगी बघते तसं, बाई आता काहीतरी बोलतील म्हणून. आणि मी बोलले. म्हटलं, "पाठ तर छान म्हटलास. माझ्या दुसरीतल्या मुली तुझ्यापेक्षा बऱ्या." ते वाक्य आठवलं की अजून माझे कान गरम होतात.

सांगली

बरणीतलं औषध तळाला गेलं म्हणून दुसऱ्या दिवशी बापू सांगलीला निघाला, मीही गेले. सांगली संस्थानी गाव, जरा नटून बसणारं. गणपतीच्या देवळात मी भावासाठी नारळ दिला. पेठेत हळदीचा वास इतका दाटून होता की लुगडं घरी येऊन धुतलं तरी तो गेला नाही. एका दुकानात भडंग खाल्लं. लसूण आणि तिखट मिळून डोळ्यांतून पाणी काढणारा तो पदार्थ आमच्या वाईच्या चुरमुऱ्यांना लाजवतो, हे मी इथं वाईकरांच्या देखत कबूल करते.

औषधाच्या तीन दुकानांत नकार मिळाला. चौथ्यानं बापूची ओळख धरून आतून एक लहानसा डबा आणून दिला आणि पुढच्या महिन्यात येऊ नका म्हणाला.

परत येताना बापू तो डबा मांडीवर धरून बसला होता. "हे पंधरावीस माणसांना पुरेल," तो म्हणाला. "आणि दारात रोज तेवढी उभी असतात. कुणाला देऊ सांग. जो नेमानं घेईल त्यालाच द्यायचं, दुसरा इलाज नाही."

"हौसाला?"

"नाही." हे म्हणताना तो बाहेर उसाकडे बघत होता. "वाया घालवायला माझ्यापाशी नाही, ताई."

मी मान डोलावली. मला ते रास्तच वाटलं. नेमानं न वागणाऱ्या मुलीसाठी सगळा वर्ग अडवून धरायचा नसतो, असंच मीही शिकवत आले होते.

पुन्हा आष्टा

बाटल्याही तेव्हा मिळेनाशा झाल्या होत्या. हौसाची बाटली तिच्याकडे पडून राहिलेली मला खुपत होती. आक्कांकडून कळलं की ती त्यांच्याच रानात कामाला असते आणि दोन दिवस आलेली नाही. मी घर विचारत गेले. खरं सांगायचं तर विचारपूस करायला नाही, बाटली परत आणायला गेले.

एक खोली आणि पुढं पडवी. हौसा वाकळेवर निजली होती, अंग चुलीसारखं तापलेलं. दोन पोरं तिच्या पायथ्याशी चिंचोके खेळत होती. सासू, गंगूबाई, भिंतीला टेकून मुगाच्या शेंगा सोलत होती. नवरा ऊसतोडीला कुठंतरी लांब गेलेला. कोनाड्यात देवाचा टाक होता आणि त्याच्या शेजारी माझी बाटली. तिला हळदीकुंकवाचं बोट लावलेलं होतं.

मी बाटली उजेडात धरली. तीन खाचा उरल्या होत्या.

"बोलणी खाल्लीस त्यानंतर एकदाच घेतलंस?"

"व्हय. परवा सांजच्याला."

"आणि काल?"

"काल न्हाई घेतलं."

"का?"

ती कोपरावर उठून बसली. "काल जेवलेच न्हाई बाई. मग कसं घेऊ?"

मला नीट समजेना. "दिवसभर पोटात काहीच नव्हतं?"

"हुतं की. सकाळच्याला वाईच शिळी भाकर अन् मिरची खाल्ली. पर ते खानं झालं. त्येला जेवान म्हनत्यात व्हय? जेवान सांजचं. चूल पेटती, कालवन हुतं, समदी बसत्यात. पोरांचं, म्हातारीचं झालं की मी. काल माज्यापतूर आलं न्हाई." मग माझ्या तोंडाकडे बघून ती घाईनं म्हणाली, "तुमीच म्हनालात न्हवं, जेवल्यावर? जेवले तवा एकदाबी चुकवलं न्हाई. बिनजेवता घेतलं आन बाधलं तर पोरांकडं कोन बगल?"

मी तिथंच, सारवलेल्या जमिनीवर, बसले. तीनदा जेवलीस तर तीनदा घे, एकदा जेवलीस तर एकदा, जेवली नाहीस तर नाही. माझ्या सबंध नोकरीत इतका शब्द न् शब्द पाळलेला पाठ मी पाहिला नव्हता. आणि त्या मुलीला मी चारचौघांत हिणवलं होतं. मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही. हौसाच उलट मला म्हणाली, "आसूं द्या बाई, आसूं द्या," आणि पोराला पाणी आणायला लावलं.

गंगूबाईला या सगळ्याचं नवल वाटत होतं. "मीबी एकदाच जेवते," ती म्हणाली. "लय सालं झाली. मला कुठं काय झालंय?" शेंगा सोलणारे तिचे हात मनगटाशी इतके बारीक होते की काचेच्या बांगड्या कोपरापर्यंत घसरत होत्या.

मी बापूला बोलवून आणलं. तो आला, ताप पाहिला, माझं सगळं ऐकून घेतलं आणि कुंकू लावलेली बाटली हातात घेतली. "पुस्तकात 'जेवणानंतर' असंच लिहिलेलं असतं, ताई," तो म्हणाला. "लिहिणाऱ्याला वाटलं असेल, जेवतात तर सगळेच." मग हौसाकडे वळून, तिला पहिल्यांदाच अहोजाहो करत, म्हणाला, "चूक माझी झाली. मी रागावलो ते विसरा."

हौसा लाजून वाकळेत शिरली.

सांगलीच्या डब्यातलं औषध तिला मिळालं. पण बापूनं सांगायची पद्धत बदलली. तो गंगूबाईपुढे उकिडवा बसला. "हे औषध उगवतीला एकदा, सूर्य डोक्यावर आला की एकदा आणि मावळतीला एकदा. दर वेळी आधी पोटभर भाकरी. भाकरी हे या औषधाचं अनुपान आहे. अनुपान चुकलं तर औषध उलटेल."

"आनुपान!" म्हातारीचे डोळे चमकले. "आसं म्हना की. आमचा वैदूबी मधातनं चाटवा म्हनायचा. मध कुठला आनायचा? भाकर दीन मी."

ती भाकरी कुणाच्या वाट्यातून यायची हे अर्थात बापूच्या पुस्तकात नव्हतं. मी तशीच आक्कांकडे गेले. त्यांच्या सोप्यावर बसून सगळं सांगितलं. "आमी गड्यामानसांना न्ह्यारी देतो की," त्या जरा फणकाऱ्यानं म्हणाल्या. मी विचारलं, आजारी पडून घरी राहिलेल्यांना? आक्का सुपारी कातरू लागल्या. त्यांनाही तोच ताप आला होता आणि त्यांच्या उशाशी तीन दिवस दुधाचा पेला होता, हे त्यांना मी आठवण करून द्यायची गरज नव्हती.

"माज्या रानात राबती अन् मला ठावं न्हाई," त्या म्हणाल्या. त्याच दिवशी त्यांनी शेरभर जोंधळा आणि दूध पाठवलं. पुढच्या आठवड्यात त्यांचं गुऱ्हाळ सुरू व्हायचं होतं. गुऱ्हाळावर आलेल्याला रस, काकवी, गरम गूळ यांना कुणी नाही म्हणत नाही, तशी त्या मुलखाची रीतच आहे. "तवर निभलं की झालं," आक्का म्हणाल्या. गुऱ्हाळ बंद होईल त्यानंतरचं मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

ताप पाचव्या दिवशी उतरला. सातव्या दिवशी हौसा ओट्याखाली येऊन उभी राहिली आणि मी तिचा हात धरून तिला बाकावर बसवलं. ती अगदी कडेला, अर्धीच टेकली. वाईच.

सुटी संपली. माझी मोटार दवाखान्यासमोरूनच सुटायची. मी चढून बसले होते, भट्टी पेटत होती, बापू खिडकीशी उभा राहून आईला काय सांगू नकोस ते सांगत होता. इतक्यात हौसा आणि गंगूबाई लगबगीनं येताना दिसल्या. हौसाच्या हातात बाटली होती, राखेनं घासून लख्ख केलेली.

"औषध सरलं," ती म्हणाली. "बाटली द्याया आले. अन् एक इचारायचं हुतं." तिच्या गालांवर दोन आठवड्यांत पुसटसं काहीतरी आलं होतं. "आता औषध न्हाई, मग जेवानबी पयल्यावानी एकदाच करायचं न्हवं?"

तिनं ते अगदी साधेपणानं विचारलं. त्यात तक्रार नव्हती. गंगूबाईही उत्तराची वाट बघत होती, तिला चुलीचा हिशेब बसवायचा होता. बापूनं माझ्याकडे पाहिलं आणि मी बापूकडे. लहानपणी आम्ही दोघं मिळून खोटं बोलायचो तेव्हा असंच बघायचो.

तो बाटली घेऊन आत गेला. बाहेर आला तेव्हा ती भरलेली होती. रंग लाल, वास बडीशेपेचा. औषधाचा त्यात थेंब नव्हता, हे त्याच्याइतकंच मलाही ठाऊक होतं.

"हे रक्त भरायचं," तो म्हणाला. "याला खूप दिवस लागतात. संपलं की पुन्हा न्यायचं. अनुपान तेच, तीन वेळा. ताई, पट्टी?"

मी वहीचं पान फाडलं. ते उंब्रजचंच पान निघालं, हवालदारांच्या बिगुलाचं वाक्य लिहिलेलं. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी कात्रीनं खाचा पाडल्या आणि बापूकडच्या डिंकानं पट्टी चिकटवली. हौसानं बाटली पदरात घेतली. तिनं मला न सांगताच पाठ म्हणून दाखवला, "उगवतीला, डोक्यावर, मावळतीला." मी शाबास म्हणू शकले नाही, नुसता तिच्या गालाला हात लावला.

ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. हौसा मागं सरली. गंगूबाई मात्र हलली नाही. बांगड्या कोपराशी ओढून धरत ती बापूजवळ आली आणि कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाली, "डाक्तर, ह्ये औशद मला चालंल का वं?"

मी मोटारीतून खाली उतरले. मोटार निघून गेली, दुसरी उद्या होती. मी वहीचं आणखी एक पान फाडलं आणि कात्री मागितली.